यारीची परीक्षा

नव्या गोणपाटाचा वास आला की नांदुऱ्याच्या कापूस प्रेसचं आवार आठवतं. वडील तिथे हमाल होते. रुईची गाठ चौघांनी उचलायची, त्यात पहिली पाठ त्यांची, आणि पाठीवर गोणपाटाची घडी. मग गाठी उचलायला लोखंडी यारी आली. ती चालवायला शिकवणारा मिस्त्री नागपूरहून आला आणि त्याने आवारातच माझ्या थोरल्या भावाला तयार केलं. परीक्षेच्या दिवशी मी भाकर घेऊन गेले होते. भावाने दांडा फिरवला, साखळी करकरली, गाठ जमिनीवरून सुटली, आणि कडेला उभे असलेले वडील झपकन पुढे होऊन तिच्याखाली पाठ देऊन वाकले. भावाने जागच्या जागी दांडा आवळला. गाठ त्यांच्यावर लोंबकळत राहिली. “ओ बुवा, मरता काय?” मिस्त्री ओरडला. “काय करू साहेब, गाठ हालली का पाठ आपोआप जाते,” वडील ओशाळून म्हणाले. मिस्त्री भावाकडे वळला. “माणूस दिसल्याबरोबर थांबवलं तुनं. हेच पाहाचं होतं मले. भेटला तुले परवाना.” त्याच आठवड्यात हमालांची टोळी बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील सवयीने गोणपाट पाठीवर टाकून दारात उभे. आईने विचारलं, “कुठी चालले?” त्यांनी घडी काढून तिच्या हातात दिली. “कुठीच नाही. पोरगं चाललं.” आज घरात नवं गोणपाट आलं की माझे हात आधी त्याची पाठीएवढी घडी घालतात, आणि मग ते कशाला आणलं होतं, तेच मला आठवत नाही.