टोपलीखालचं पीठ

दादा गेला त्या जागी वहिनीने रात्री पीठ पसरलं, मधे दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, ते सकाळी पिठावर उमटलेल्या पावलावरून कळतं म्हणतात.

उजाडल्यावर मी ओसरीवर आलो. समोरच्या डोंगरावर यंदा वेधशाळा झाली आहे. तिचा पांढरा घुमट मला पालथ्या टोपलीसारखाच दिसला. दादाला तिचं फार कौतुक. तिथली दुर्बीण रोज रात्री सगळं आभाळ टिपते आणि कालच्या चित्राशी ताडून नवा ठिपका कुठे उमटला का ते बघते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

वहिनीने टोपली उचलली. शेजारच्या काकू वाकून म्हणाल्या, "इथे चिमणीचा पाय दिसतोय."

"नाही हो काकू," वहिनी म्हणाली, "ती माझीच बोटं आहेत."

बाकी पीठ कोरं होतं.

घुमटातली माणसं आता झोपली असतील. त्यांच्याही कितीतरी रात्री अशाच कोऱ्या जात असणार. पण त्यांना आज पुन्हा बघता येईल. आपल्यात हे एकदाच बघायचं असतं.

संध्याकाळी बघतो तर वहिनी तलम फडकं घेऊन बसलेली. ती तेच पीठ वस्त्रगाळ करत होती.

"वहिनी, हे काय?"

"काल पीठ जाड राहिलं, भावजी," ती मान खाली घालून म्हणाली. "त्यांचं पाऊल आता हलकं असेल."