गुलाम रसूलच्या गाडीचा आवाज

गुलाम रसूल डोळे अर्धे मिटून गाडी चालवायचा. नवा प्रवासी घाबरायचा, जुना खुशाल झोपायचा. चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. आलापल्ली-सिरोंचा बसवर तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. रस्ताभर साग, मोहाचा गोड वास, आणि गाडी इतकी हळू की वाटायचं, आपण बसलोय जागच्या जागी, जंगलच मागे सरकतंय. "डोये कायले पायजेत बे? गाडी कानानं चालते," असं तो म्हणायचा. मला हे थोतांड वाटायचं.

चैतात पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. खुळुक्, खुळुक्. गाडी हळू असली की वाजायचा, पळाली की बंद. मिस्त्रीनं गावाबाहेरच्या चांगल्या रस्त्यावर पळवून पाहिली, तर गाडी चूप. "भाई, कान धुऊन घ्या," तो म्हणाला. गुलाम रसूलला ते लागलं. चाक निखळलं तर माणसं मरतील, या विचारानं त्याला भाकर गोड लागेना.

एका दुपारी सिरोंच्याला जाताना तो म्हणाला, "उतर, अन् चाकाच्या बाजूनं चाल."

मी कुरकुरत उतरलो. गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. आत सगळे पेंगलेले, पायाखाली मोहफुलं, आणि मी चाकाला कान लावून वाकलेला. ऐकता ऐकता मलाच गुंगी आली. लहानपणी पाळण्यात पडल्यासारखं वाटलं. मग एकदम उमगलं.

"भाई, मोडलेलं असं वाजत नाई! आत खुळखुळा हाय!"

त्यानं चाकाची लोखंडी टोपी पेचकसानं उचकली. नदीतले तीन गुळगुळीत गोटे त्याच्या तळहातावर पडले. "कोन्या पोट्ट्याचं काम," म्हणत तो पोटभर हसला. गोटे मी खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी परतताना सिरोंच्याला रंभा गाडीत चढली. पंधरवड्यापूर्वी तापानं फणफणलेल्या या पोरीला तिच्या बापानं, झिंगूनं, जंगलातल्या फाट्यावर आमच्या गाडीत बसवलं होतं. आई नव्हती, आणि झिंगूकडे गावची गुरं, म्हणून तो सोबत येऊ शकला नाही. "दवाखान्यात पोचव, डायवरभाऊ. बरी झाली का आनजो," एवढंच म्हणाला होता. आता ताप गेला होता, पण चेहऱ्यावर नुसते डोळे उरले होते.

फाट्यावर गाडी थांबली. कोणी नव्हतं. तिचं गाव फाट्यापासून कोसभर आत, आणि मधे वाघाचं रान. रंभा उतरली आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा येतो मनत होता. गाडीचा आवाज आयकून."

"कोनता आवाज?" गुलाम रसूलनं विचारलं.

"चाकात गोटे टाकले ना त्यानं! तुमी नाल्यावर पानी भरत होते तवा, कुऱ्हाडीनं टोपी उचकून. जंगलात जाते त्या जनावराच्या गयात घंटा लागते, नाई तं हरवते, मने. मंग हे गाडी बिनघंटेची काऊन?"

गुलाम रसूलचे डोळे सताड उघडले. मी ते तसे पहिल्यांदाच पाहिले.

"भोंगा वाजवू का, भाई?"

"लाकडाचे ट्रक दिवसभर भोंगेच वाजवतात. त्याले कोन येते? गोटे कुठी हायेत?"

खिसा रिकामा करण्याचा माझा आळस त्या दिवशी कामी आला. त्यानं गोटे टोपीत घालून टोपी ठोकून बसवली आणि त्या ओसाड रस्त्यावर गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिला. खुळुक्, खुळुक्. एक व्यापारी जागा होऊन कटकट करू लागला. "तुमच्या लग्नाचा मुहूर्त टळून राह्यला का?" मी त्याच्यावर खेकसलो. ऊन सागांच्या बुंध्यांवर उतरलं होतं. रंभा गाठोडं छातीशी धरून झाडांकडे बघत होती, आणि मला खरंच भीती वाटत होती.

मग रानातून लाकडी घंटांचे आवाज आले. झाडांतून आधी गुरं निघाली आणि त्यांच्यामागून धावत झिंगू. त्यानं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडला. मी तिकिटांची पेटी उगाच उघडून पुसत बसलो.

थोड्या वेळानं झिंगू गाडीजवळ आला, तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि कुऱ्हाड घेऊन चाकापाशी वाकला.

"काय करतं, भाऊ?" गुलाम रसूलनं विचारलं.

"घंटा सोडतो. जनावर घरी आलं का सोडा लागते."

"राहू दे, भाऊ. तुही पोरगी घरी आली. माही गाडी अजून जंगलातच हाय."