तीनशे मीटर

घड्याळजींचा हात कापतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा उजवा हात ते कायम खिशात ठेवत. दुकान रोज उघडत, पण फक्त पट्टे आणि सेल बदलत. मशीन उघडायचं काम आलं की "पार्ट मिळत नाही हो" म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावत.

विरंगुळा म्हणून लेकीने त्यांना कॉम्प्युटरवर जुन्या लढाऊ विमानांचा खेळ लावून दिला होता. रविवारी दुपारी जॉयस्टिक धरून बसले की बायको जाता-येता म्हणायची, "चाळीस वर्षं लोकांची वेळ नीट केली, आता लोकांची वेळ भरवताय!"

लेकीला त्यांनीच नेम शिकवला होता. "विमान आहे तिथे मारू नकोस गं. गोळी पोचेपर्यंत ते जिथे असेल, तिथे मार. आणि दोन्ही पंखांतल्या बंदुका किंचित आत वळलेल्या असतात. त्यांच्या गोळ्या किती अंतरावर एकत्र यायच्या, ते आपण ठरवायचं. माझं तीनशे मीटर."

लांबून, एकदाच, थोडक्यात. स्क्रू बसवावा तसं.

पुढे कधीतरी तिने सेटिंग उघडलं तर अडीचशे. काही महिन्यांनी दोनशे. मग दीडशे. तिला वाटलं, बाबा धीट झाले. एकदा मागे उभं राहून पाहिलं तेव्हा उमगलं. लांबच्या विमानावर त्यांचा नेम ठरतच नव्हता. इकडे तिकडे नुसता थरथरत होता. अगदी जवळ जाऊन समोरची काच विमानाने भरली, की मग चुकायला जागाच उरत नसे.

"बाबा, एकदा डॉक्टरांना..."

"हात ठणठणीत आहे माझा. जवळून मारण्यात मजा असते."

तेव्हापासून ती दर रविवारी गुपचूप आकडा बघायची. जो आजार ते कुणाला सांगत नव्हते, तो तिथे लिहिलेला असायचा. एकशेवीस. शंभर. त्याखाली तो खेळ जाऊ देत नव्हता.

आणि एका रविवारी, तीनशे.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. "बाबा, हात बरा झाला?"

ते दोन्ही हातांनी कप धरून बसले होते. चहा अर्धाच कप होता, तरी बशीत सांडलेला.

"तुझ्यासाठी लावलंय," ते म्हणाले. "तुझा हात माझ्यावर गेलाय. तुला लांबून जमेल."

"आणि तुम्ही?"

"मी आहे ना मागे. चुकलीस की सांगेन."

ती कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. जॉयस्टिकचं रबर त्यांच्या मुठीने गुळगुळीत झालं होतं. बाबांनी खिशातून हात काढला आणि पहिल्यांदाच न लपवता तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. ती थरथर लाकडातून तिच्या पाठीपर्यंत पोचत राहिली.

"जरा पुढे धर," ते हळूच म्हणाले. "अजून थोडं."

तिला समोरचं विमान नीट दिसत नव्हतं.