डावऱ्याचा कोयता

माझ्या नवऱ्याचं डोकं लय गरम. कुणी उसाची मोळी ढिली बांधली तरी भांडायला उठणार. म्हणून आमच्या ऊसतोड टोळीतल्या एका गड्यावर मागून कोयत्याचा वार झाला, तवा पोलिस सरळ आमच्याच खोपीवर आले. गडी वाचला, पण मारणारा त्याला दिसला नव्हता. त्याचा चुलतभाऊ मात्र म्हणला, "मी डोळ्यानं पाहिलं, ह्यानंच मारलं." त्यात आमचा कोयता नेमका आदल्या दिवशी फडात हरवलेला. खरं सांगते, मला बी शंका आली. नवरा जन्मभर आत बसला तर काय, हीच धास्ती.

परभणीच्या कोर्टात आमच्या वकिलानं मला साक्षीला उभं केलं. वाराच्या जागी सापडलेला कोयता मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. सरकारी वकील म्हणले, "नवऱ्याचाच ना हा?"

"सायेब, आधी हातात तर द्या."

घरच्या कोयत्याला रोज कानशीनं धार मीच लावायची. अंगठा फिरवला अन् असं हसू फुटलं, काय सांगू! "अवं, ह्यो तर डावऱ्याचा हाय! आमचे मालक उजवे."

जजसाहेब म्हणले, "कशावरून?"

"आमी धार एकाच अंगाला काढताव. उजव्याची ह्या अंगाला, डावऱ्याची त्या. हात बदलला की कोयता उसावरून सटकतो."

साहेब बी हौशी माणूस. समोरच्या रसवंतीतून ऊस मागवला अन् पुरावा खराब नको म्हणून लोहाराकडनं दुसरा, तसाच डावऱ्याच्या धारेचा कोयता. मी पदर खोचला. उजव्या हातानं हाणला, सटकला. डाव्यानं हाणला, एका दणक्यात दोन तुकडे! समदं कोर्ट हसायला लागलं.

"टोळीत डावरा कोण?" साहेबांनी विचारलं.

एकच होता. त्यो चुलतभाऊ. दाराकडं निघाला होता, शिपायानं धरला.

पुढच्या तारखांना मारणारा त्योच हे उघडं पडलं अन् मालक निर्दोष सुटले. तुरुंगाच्या फाटकाशी मी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. ते म्हणले, "तुला खरं काय वाटत व्हतं गं?"

खोटं बोलायचं ठरवलं व्हतं, जमलं न्हाई. "वाटलं व्हतं, तुमीच मारलं."

 मालक रडायला अन् हसायला एकदमच लागले.

"अन् तरी दर तारखेला भाकर घेऊन आलीस?"

"मग काय उपाशी ठेवायचं व्हतं का?"