गाडीखालचं झाकण

महापालिका निवडणुकीच्या प्रचाराला ती उमेदवार एकटीच दारात आली. पदराने घाम टिपत तिने पत्रक पुढे केलं. मी नागरिकशास्त्राचा शिक्षक. त्याच तोऱ्यात विचारलं, "शिक्षण किती?"

"सातवी," ती हसली. "सर, तुमच्या गल्लीला पाणी सोडायचा व्हॉल्व्ह कुटं हाय?"

मी गल्लीभर नजर फिरवली. तिने वाकून फाटकासमोरच्या माझ्या गाडीखालच्या झाकणाकडे बोट दाखवलं. "तितं. पाणी सोडणारा दर खेपेला पालथा पडून आत शिरतो की. तुमास्नी सांगायला भितोय त्यो."

नगरसेवकाची पात्रता मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देतो. त्या दिवशी गाडीची चावी आणायला म्हणून आत गेलो, आणि ती पुढच्या घरी गेल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर आलोच नाही.