कापणीच्या सणाची पाहुणी

आमच्या पाळकांची मला आजही चीड येते. ते वारले तेव्हा चर्चची सगळी मंडळी हळहळली. मी दफनालासुद्धा गेले नाही.

आम्ही तेव्हा शिवाजी पेठेत राहायचो. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. आई शाळेत शिकवायची म्हणून लोक तिला मान द्यायचे, पण आमच्या घरचं पाणी कुणी पीत नसे. शेजारच्या काकीनं मात्र एका दुपारी आपणहून कप पुढे केला. "बाई, घाल की च्या. किती दिस नुसती बघत बसू?" त्यावरून तिच्या सासूनं घर डोक्यावर घेतलं. "बाटवत्याल तुला एक दिवस," म्हातारी ओरडायची. काकी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. आईला टायफॉईड झाला तेव्हा तिच्या उशाशी मंडळीतलं कुणी नव्हतं, काकी होती.

चर्चमध्ये दरवर्षी कापणीचा सण असायचा. घरचं धान्य, भाजी, कोंबडी वेदीपुढे आणून ठेवायची आणि देवाचे आभार मानायचे. आम्हाला कुठली शेती? आई बाजारातला भोपळा न्यायची, आणि काकी तिला हसायची. एका वर्षी काकीच म्हणाली, "औंदा आमच्या गुऱ्हाळाचा गूळ घिऊन मी येतो. तुझ्या देवाला बी कळू दे, शेती कशाला म्हणत्यात."

ती आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. ढेप वेदीपुढे ठेवून ती आईशेजारी सतरंजीवर बसली. त्या दिवशीचं प्रवचन नेमकं मैत्रीवर होतं. येशूनं शिष्यांना चाकर न म्हणता मित्र म्हटलं, मित्रासाठी जीव देण्यापलीकडे प्रेम नाही, असं सगळं. पाळक बोलायचे फार छान. मग त्यांनी काकीला उभं केलं. बिचारीला वाटलं, गुळाबद्दल काही बोलणार. आईकडे हात करून ते म्हणाले, "आपल्या या बहिणीनं यंदा भोपळा आणलेला नाही. तिनं एक आत्मा आणला आहे. हीच तिची खरी कापणी!"

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासूच्या शिव्या खाऊन जिनं आमच्या घरी चहा प्यायला, तिला या माणसानं कांद्या-बटाट्यांच्या रांगेत मांडलं! आणि आई खाली मान घालून बसली. तिचाही मला राग आला.

प्रार्थना संपल्यावर काकी तडक चर्चच्या दाराशी आली. आई रडकुंडीला आली. "अगं, ते असं बोलतील हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करते, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं."

"मी बी अंबाबाईपुढं तुझ्यासाठी हात जोडतो की," काकी म्हणाली. "तू आजारी हुतीस तवा रोज अनवाणी गेलतो. पर तुला कधी देवळात हुबी करून लोकांस्नी दावली न्हाय."

त्यानंतर तिनं आमचा उंबरा ओलांडला नाही.

पुढच्या कापणीला पाळकांनी आईला हटकलं, "तुमच्या त्या बाई दिसत नाहीत?"

आईनं भोपळा वेदीपुढे आदळला. "मला सगळ्या गल्लीत ती एकच मैत्रीण होती, पाळकसाहेब. तुम्ही ती घालवलीत."

पाळक गोड हसले. म्हणाले, "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."