मागाच्या खड्ड्यातली बरणी

ताराचंद माहा जवाई. जातीचा कोष्टी, पण मागावर बसला की अर्ध्या घंट्यात याची कंबर दुखते. जेवला की आडवा. अशा माणसाले मी माही चंद्रकला दिली, अन् घरजवाई करून घेतलं. माहे डोळे फुटले होते, दुसरं काय!

छप्पन साली त्याले रामदासपेठेतल्या गोपाळराव साहेबाच्या बंगल्यावर कामाची आस लागली. साहेबाले घरी बियर बनवाचा शौक, कोण्या गोऱ्याकडून शिकलेला. जव उकळून, खमीर टाकून काचेची मोठी बरणी भरली. पण चैताचं ऊन, बंगला तापे. ताराचंद म्हणाला, "आमच्या मागाचा खड्डा थंड राहते, साहेब."

साहेब म्हणाले, "आठ दिवस सांभाळ. पाहुण्यांना आवडली तर खानसामा तू, अन् बंगल्यामागची नळाची खोली तुझी."

चंद्रकलाले सातवा महिना. विहिरीवरून हंडे आणून पोरीचे पाय सुजले होते. तिचा सारा जीव त्या नळाच्या खोलीत.

बरणी खड्ड्यात बसली अन् माग बंद पडला. जिथं पाय सोडून विणाचं, तिथं दारू! अन् हे महाशय बाजूले चटई टाकून लोळून राहिले.

"जवाईबापू, काही काम नाही का?" मी विचारलं.

"हेच काम आहे, मामी. हात नाही लावाचा."

वा रे वा! हात न लावाचं काम! याच्याचसाठी जन्मला होता मेला.

सातव्या दिवशी तो बाजारात गेला, चंद्रकला विहिरीवर. मी झाडून राहिली होती, तर खड्ड्यात नजर गेली. बरणीच्या बुडाशी चार बोटं पांढरा थर! तीस वर्षं मी सुताले लावाची खळ शिजवली. खळ खाली बसली की ताण्याच्या सुताचं वाटोळं. म्हटलं, या आळशानं झोपेत पोरीची खोली घालवली. बरणीच्या तोंडचं फडकं सोडलं, खळ ढवळाचा दांडा घातला अन् बुडापासून ढवळलं. हात भरून आले, पण थर राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बरणीत सारा गढूळ चिखल. "अरे, साका बसून वरचं निवळायला पाहिजे होतं! कोणी हलवली?"

ताराचंदनं भिंतीशी टेकलेला, साका वाळलेला दांडा पाहिला. मग माह्याकडे पाहिलं. मी झाडणी उचलून कोपरा झाडू लागली.

"मीच ढवळली, साहेब," तो म्हणाला. "खळीसारखी."

साहेबानं त्याले गाढव म्हटलं अन् मोटारीत बसून निघून गेले. चंद्रकला दारातच खाली बसली.

चार वर्षं झाली. आजही ती डोक्यावरचा हंडा उतरवते अन् नवऱ्याले म्हणते, "तुमच्यानं एक बरणी सांभाळणं झालं नाही." तो मान खाली घालून जेवते. मी मनात म्हणते, मेल्याले खरं बोलाचाही आळस! पण तो एकदाही माह्याकडे पाहत नाही, अन् मी पुढ्यातली भाकर तशीच झाकून ठेवते.